गावातलं तरुण मंडळ: गणपतीचे दहा दिवस सोडून उरलेल्या वर्षाचं काय करायचं?

कोरडवाहू
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव माण तालुक्यात. २०१८ ला गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपला (गावांनी श्रमदानानं पाणी अडवायची स्पर्धा) उतरलं होतं. ८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस, पहाटे उठून टिकाव-घमेली घेऊन पोरं डोंगरावर. त्यावेळी नववीत असलेली एक पोरगी हायड्रोमार्कर घेऊन समपातळीची रेघ आखायची. तिनं एकदा स्वतःच्या चुलत्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "तात्या तुमचा चर दोन बोटं वर गेलाय, बुजवा." आणि तात्यांनी बुजवला! ह्या माणसाला त्याआधी गावात कुणी बांध दोन बोटं सरकवलाय असं म्हणायची सोय नव्हती. त्या वर्षी पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीला गेला, आम्हाला काय मिळालं नाही, पण तो चर बुजवलेला बघितला आणि मला वाटलं आता ह्या गावाचं काहीतरी होणार.

झालं काय, तर चर गाळानं भरत आले आणि पोरं पांगली. कोण चाकणला, कोण भोसरीला, कोण स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली साताऱ्यात रूम करून. मागं उरलं तरुण मंडळ. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक खोली, दोन साऊंड बॉक्स, एक कॅरम (सोंगट्या चौदा) आणि फ्लेक्सची लोखंडी फ्रेम.

तर विचारायचं असं की १० ते १८ वयाच्या पोरापोरींसाठी महिन्यातनं दोनदा भरेल असं काहीतरी सुरू करायचंय. जिथं ती बँकेची स्लिप भरायला, चार लोकांपुढं उभं राहून बोलायला, फवारणीचा पंप खोलून परत जोडायला, हिशोब लिहायला शिकतील. दुसरी शाळा नको, संस्कार शिबिर नको आणि राजकारण तर नकोच नको. कुणी असलं काही केलंय का? टिकलं का? मेलं असेल तर कशानं मेलं?

चहाबाज
पहिला प्रश्न. वर्गणी किती?

खडूस_खानदेशी
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. होणार नाही. पहिल्या मीटिंगला चाळीस पोरं येतील, कारण पहिल्या मीटिंगला वडापाव असतो. तिसऱ्या मीटिंगला सहा. पाचव्या मीटिंगला तुम्ही, तुमचा पुतण्या आणि पुतण्याचा मोबाईल. आणि चुकून जमलंच तर निवडणुकीच्या वर्षी कुणीतरी पॅनलवाला येऊन सगळ्यांना टी-शर्ट देईल, पाठीवर त्याचा फोटो. आमच्याकडं एका पोराच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ४२ फोटो होते, "भावी सरपंच". त्याच्या मंडळाच्या मीटिंगला चार जण यायचे. मी मोजलेत.

मास्तर_निवृत्त
खडूसराव, पोरांचं असं होतं हे खरं, पण नेहमीच होतं असं नाही. माझं स्वतःचं सांगतो.

राष्ट्र सेवा दल सुरू झालं ४ जून १९४१ ला, तेव्हा अर्थातच मी नव्हतो. पण साठच्या दशकात आमच्या गावात संध्याकाळची शाखा लागायची, मी पाचवी-सहावीत असेन. मुलं-मुली एकत्र खेळायची, हेच त्या काळात गावाला पचायला जड. खेळ, गाणी, मग गोलात बसून गप्पा. आठवड्याला एकाची पाळी असे, सतरंजी झटकायची, घडी घालायची आणि कंदिलाची काच पुसायची. पुढं कलापथक निघालं तेव्हा माझ्याकडं पेट्रोमॅक्स आली. तिचं मॅन्टल म्हणजे राखेचं फूल, एकदा जळलं की बोट लागलं तरी भुगा. पंप किती मारायचा, पिन कधी फिरवायची, हे मला कुणी शिकवलं नाही. फक्त एवढं सांगितलं होतं की बत्ती विझली तर कार्यक्रम थांबतो आणि बत्ती तुझ्याकडं आहे. एका गावी भर कार्यक्रमात माझ्या हातून मॅन्टल फुटलं, दुसरं आणायला विसरलो होतो. अंधारात वीस मिनिटं लोकं शिट्ट्या मारत होती. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्यानंतर आजतागायत मी घरात एक बल्ब जास्तीचा ठेवतो.

नेतृत्व विकास हा शब्द त्या सबंध काळात आमच्या कानावर पडला नाही.

चहाबाज
मास्तर, बल्बवर आमची हिची पण श्रद्धा आहे. एलईडी आले तरी जुने साठचे बल्ब माळ्यावर आहेत.

सरकारी_बाबू
थोडी माहिती. नवीन चाक शोधायच्या आधी जुनी गाडी बघा. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, पण ते कॉलेज आणि अकरावी-बारावीला, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. गावातल्या पोरांसाठी नेहरू युवा केंद्र १९७२ ला सुरू झालं, त्याची स्वायत्त संघटना झाली ती १९८७ ला. गावागावात युवा मंडळं आणि युवती मंडळं ही त्यांचीच कल्पना. आता ३१ ऑक्टोबर २०२३ पासून 'मेरा युवा भारत' आलंय, नोंदणी ऑनलाईन. पण ह्यात वय १५ ते २९ धरतात. तुमची दहा ते चौदाची पोरं बसत नाहीत. तिथं तुमची तुम्हालाच वाट काढावी लागेल.

कोरडवाहू
तीच तर अडचण आहे बाबू. पंधरा झालं की पोरगं मंडळात जातं आणि मंडळात गेलं की पहिलं काय शिकतं तर पावती पुस्तक घेऊन रस्त्यावर दोरी धरायला. मला त्याच्या आधीचं वय पाहिजे.

आयोवाकर
माझं लिहू की नको करत होतो कारण "अमेरिकेत असं असतं बरं का" म्हणणाऱ्यांचा इथं कसा सत्कार होतो ते माहीत आहे. पण विषयच असा निघालाय.

मी मूळचा सांगलीकडचा, गेली चौदा वर्षं आयोवात. चारी बाजूला मका आणि सोयाबीन, आपल्याकडचं वाटतं कधीकधी, फक्त बांध दिसत नाही. मुलगी सहावीत आहे आणि ती 'फोर-एच' मध्ये जाते. चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ. डोकं, काळीज, हात, तब्येत. खूण म्हणजे चार पानांचं हिरवं क्लोव्हर, प्रत्येक पानावर एक एच. आमच्या राज्यात चौथी ते बारावीची मुलं असतात, त्याहून लहानांचा वेगळा गट.

सुरुवात मजेशीर आहे. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क परगण्यात ग्रॅहम नावाच्या शाळा अधिकाऱ्यानं पोरांचा क्लब काढला, मका लावा, माती तपासा, असलं. त्या काळात कृषी कॉलेजवाले नवीन बियाणं, नवीन पद्धती सांगायचे आणि म्हातारे शेतकरी काय ऐकायचे नाहीत, "आम्हाला पुस्तकी लोकांनी शिकवू नये" (ओळखीचं वाटतंय ना?). मग त्यांनी बियाणं पोरांना दिलं. पोराचा अर्धा एकर बापाच्या चाळीस एकरापेक्षा भारी दिसला की बाप गपचूप विचारायला यायचा. १९१४ ला कायदा होऊन विद्यापीठांचं विस्तार खातं उभं राहिलं आणि हे क्लब त्याला जोडले गेले. म्हणजे आपल्या कृषी विद्यापीठांनी गावच्या शाळेतल्या पोरांचा क्लब चालवावा, तसं.

आता क्लबात होतं काय ते. महिन्याला एक मीटिंग. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळी मुलंच. मोठी माणसं मागच्या खुर्च्यांवर, आणि त्यांनी गप्प बसायचं हा अलिखित नियम. हजेरीला नुसतं "हजर" म्हणायचं नसतं, त्या दिवशीचा एक प्रश्न असतो, उदाहरणार्थ तुझी नावडती भाजी कुठली, आणि प्रत्येकानं त्याचं उत्तर द्यायचं. लाजाळूतलं लाजाळू पोरगं पण "भेंडी" एवढं तरी सगळ्यांसमोर बोलतं. मग ठराव. एकानं मांडायचा, दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा, चर्चा, मतदान. आमच्या क्लबात एकदा पिझ्झा की सँडविच ह्यावर पंचवीस मिनिटं रीतसर चर्चा झाली, मी मागं बसून घड्याळ बघत होतो आणि बायको मला कोपर मारत होती.

आणि प्रत्येकाचा वर्षभराचा एक प्रकल्प. गाय-डुक्करच पाहिजे असं नाही, शिवण, फोटो, सुतारकाम, स्वयंपाक, रोबोट काहीही. उन्हाळ्यात जत्रा भरते, तिथं मांडायचं. मुलीनं पहिल्या वर्षी केळीचा ब्रेड केला. परीक्षक बाई समोर बसवून विचारतात, काय ठरवलं होतंस, कसं केलंस, पुढच्या वेळी काय बदलशील. ब्रेड मधे कच्चा होता. मुलीनं सांगितलं, ओव्हन उघडून बघत बसले म्हणून बसला. निळी रिबन नाही मिळाली, लाल मिळाली. घरी येताना गाडीत रडली आणि घरी आल्यावर दुसरा लावला.

पुणेरी_टोमणा
बाकी सगळं ठीक, पण पंचवीस मिनिटं चर्चा आणि नंतर मतदान? आमच्या सोसायटीत ह्याला आटोपशीर मीटिंग म्हणतात.

मिरजमळा
@आयोवाकर, गायीडुकरांचं काय होतं जत्रेनंतर?

आयोवाकर
हं, तिथंच घरात महाभारत झालं होतं.

लिलाव होतो. गावातले दुकानदार, बँकवाले बाजारापेक्षा चढी बोली लावतात, पोराला चेक मिळतो, तो पुढं कॉलेजसाठी ठेवतात. आणि जनावर... जातं. ते खाण्यासाठीच वाढवलेलं असतं, पोराला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. शेजारच्या बारा वर्षांच्या मुलानं कोकरू वाढवलं होतं, रोज पहाटे त्याला चालवायला न्यायचा. माझी आई तेव्हा सांगलीहून आलेली, तिला आम्ही हौसेनं जत्रा दाखवायला नेलं, लिलावाचं सांगितलंच नव्हतं. लिलाव झाला, पोरगं कोकराच्या गळ्यात हात टाकून ढसाढसा. आई माझ्याकडं वळून म्हणाली, "अरे ह्याला धंदा शिकवतायत का वैराग्य?" दोन दिवस तिनं त्यांच्या घरच्या कुकीज खाल्ल्या नाहीत.

पण त्या मुलाची वही बघितली मी. कोकरू कितीला आणलं, खाद्य किती, डॉक्टर किती, वजन दर आठवड्याला, शेवटी नफा किती. आमच्या मळ्यात चाळीस वर्षं म्हशी आहेत, दुधाचा लिटरमागं खर्च किती हे वडिलांनी कधी मांडलं नाही. मांडलं असतं तर बहुतेक म्हशी विकल्या असत्या.

रानवेडा
म्हणूनच मांडत न्हाईत दादा!!

विकास_सोसायटी
आयोवाकर, ते ठराव मांडणं आणि दुजोरा देणं आपल्याकडं पण आहे हो, सूचक आणि अनुमोदक. आमच्या विकास सोसायटीच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली दोन्ही नावं असतात. एक सूचक तर वारल्यानंतर सुद्धा दोन ठरावांना सूचक होता.

पाटलांची_सून
इतका वेळ वाचतेय, सगळे "पोरं पोरं" करताय. मूळ धाग्यात "पोरापोरींसाठी" लिहिलंय ते आवडलं, पण त्यानंतर पोरी फक्त हायड्रोमार्करपुरत्या आल्या.

आमच्या गावात (बार्शीकडचं) दोन मंडळं आहेत, जुनं आणि फुटून निघालेलं. दोन्हीत मिळून एक बाई नाही. आरतीला बोलावतात, आरतीचं ताट सजवायला. मुलींना घराबाहेर थांबायला कारण लागतं. शाळा हे कारण आहे, क्लास हे कारण आहे, देऊळ आहे. "मंडळात चाललेय" हे कारण होऊ शकत नाही, कारण मंडळाची खोली म्हणजे काय हे सगळ्या आयांना माहीत आहे. तेव्हा भाऊ, पहिलं काम म्हणजे ती खोली सोडा. शाळेच्या ओट्यावर भरवा, दिवसाउजेडी भरवा, आणि चालवणाऱ्यांत एक तरी बाई असू द्या, आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटातली कुणी. आमच्या गटात दहा बायका आहेत, महिन्याला शंभर रुपये. आठ वर्षांत एक हप्ता बुडालेला नाही. गावात हिशोब कुणाला येतो हे विचारायचं असेल तर मंडळात जाऊ नका, गटात या.

कोरडवाहू
ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. खोलीचं. मी उलट खोली आहे म्हणून खूश होतो.

खडूस_खानदेशी
सूनबाईंच्या प्रतिसादाला माझ्याकडून पण मान्यता. हे मी वर्षातनं एकदाच लिहितो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वेल्डर_इंजिनियर
पाबळचं कुणी लिहीना म्हणून मी लिहितो. शिरूर तालुक्यातलं पाबळ, तिथं डॉ. कलबाग सरांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा शाळेसाठीचा कोर्स आमच्या हायस्कूलला होता, आठवी ते दहावी, आठवड्यातनं एक दिवस. चार भाग. वर्कशॉप, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. मुली वेल्डिंग करायच्या आणि आम्ही पोरं चिक्की. हिमोग्लोबिन तपासायला शिकलो, रक्तगट काढायला शिकलो.

मुख्य म्हणजे केलेलं काम गावात खरंच वापरात यायचं. ग्रामपंचायतीसाठी आम्ही लोखंडी बाक केला. त्याचं कॉस्टिंग करायला लावलं. अँगल किती फूट, वेल्डिंगचे रॉड किती जळाले, वीज, रंग, आमची मजुरी. मी रॉड धरायलाच विसरलो. ग्रामपंचायतीनं सांगितलेल्या किमतीला बाक घेतला आणि आम्हाला तोटा झाला, सरांनी तोटा तसाच फळ्यावर लिहून ठेवला, महिनाभर. आज माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, कोटेशनची पहिली ओळ अजून रॉडची असते.

बाक अजून आहे स्टँडवर. एक पाय आखूड आहे, तो माझा.

वऱ्हाडी_ठेचा
काहून बाप्पा, आमच्याकडचं कोणी बोलून नाही राहिलं. वऱ्हाडात गावोगावी गुरुदेव सेवा मंडळ आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, झाली की झाडलोट, व्यायामशाळा. आमच्या आबाच्या वेळेस लई जोर होता. आता प्रार्थनेले पाच म्हातारे अन् एक हार्मोनियम. म्हणून सांगतो कोरडवाहू भाऊ, सुरू करनं सोपं हाय, पिढी बदलली का कोणाच्या हातात द्यायचं हे पहिल्या दिवशी ठरवा. आमच्याकडं पेटी वाजवनाऱ्यानं चाळीस वर्षं पेटी कोणाले शिवू देली नाही. तो गेला, आता पेटी हाय अन् वाजवनारा नाही.

नोटरी_काका
उत्साहात नोंदणी करायला धावू नका. सात जण लागतात, धर्मादाय कार्यालयात फाईल होते, नंतर दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. आमच्या मंडळाच्या सात विश्वस्तांपैकी दोन वारले, एक दुबईला, एक दुसऱ्या मंडळात, आणि बदल अर्ज शून्य. कागदावर मंडळ अजून १९९४ मध्ये आहे. लहान पोरांच्या क्लबाला वही पुरते. पैसे साठवायचेच तर १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं चालवता येईल असं बचत खातं पोस्टात निघतं, ज्याचं त्याचं काढून द्या. सही एकसारखी करायला शिकणं हेच मोठं शिक्षण आहे, माझ्याकडं येणारी निम्मी प्रकरणं सहीचीच.

डीजे_विरोधी_संघ
मंडळाच्या साऊंड बॉक्सचं काय करणार ते सांगा आधी. आमच्या घराची एक काच गेल्या वर्षी

ढोल_पथक_नाशिक
ढोलानं पण जातात काचा, उगाच डीजेला बदनाम करू नका. (स्वतः ढोल वाजवतो.)

डीजे_विरोधी_संघ
निदान ढोलवाले दमतात तरी.

*(इथं डीजे, डॉल्बी आणि डेसिबलवर अठ्ठावीस प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवलेत. कृपया तिकडं भांडावे. – व्यवस्थापन)*

सीए_ची_आई
धाग्याच्या मूळ प्रश्नाकडं येते. मेलं तर कशानं मेलं, असं विचारलंय. आमचं मेलं होतं, सांगते.

कोकणात आमच्या वाडीत मे महिन्यात मुंबईकर येतात. आम्ही बायकांनी मुलांचा गट केला, कोकम सरबत करून स्टँडवर विकायचं. दोन वर्षं झकास चाललं. तिसऱ्या वर्षी खजिनदार मुलाच्या हिशोबात ३४० रुपये कमी आले. सातवीतला मुलगा. मोठ्यांनी लगेच डबा स्वतःकडं घेतला, "लहान आहे, चुकतंच" म्हणून. कुणी त्याला रागावलं नाही उलट, सगळे प्रेमानंच वागले. पण डबा गेला आणि पुढच्या रविवारी मुलं आलीच नाहीत. नंतर कळलं की दोन दिवसांचं कोकम उधारीवर दिलं होतं एसटीच्या कंडक्टरला, त्याचे पैसे होते ते. वहीत उधारीचा रकानाच आम्ही आखला नव्हता. चूक कुणाची? आमची.

मास्तरांचं मॅन्टल फुटलं तेव्हा त्यांच्याकडून बत्ती काढून घेतली असती तर? तेवढंच म्हणायचंय.

खडूस_खानदेशी
ताई तुमचं पटतंय पण ३४० रुपये आहेत म्हणून पटतंय. ३४ हजार असते तर तुम्ही पण डबा उचलला असता. पैसा पोरांच्या हातात द्यायचा तर तेवढाच, जेवढा बुडाला तरी गावात भांडण होणार नाही.

सीए_ची_आई
हे मात्र बरोबर.

आयोवाकर
इकडं खजिनदाराच्या वहीचं वर्षाच्या शेवटी ऑडिट होतं, तेही क्लबातल्या दुसऱ्या मुलांकडून. मुलगी गेल्या वर्षी त्या समितीत होती. तिनं सव्वादोन डॉलरची चूक काढली आणि घरी आल्यावर आमच्या किराण्याच्या पावत्या तपासायला लागली. विचार करून सुरू करा.

मास्तर_निवृत्त
सीएच्या आई, खरं सांगू का, दुसऱ्या दिवशी मी बत्ती परत करायला गेलो होतो. आमचे संघटक म्हणाले, "मला नको, मला पेटवता येत नाही." त्यांना येत होती.

कोरडवाहू
दीड महिन्यानं येतोय, माफी. कांदा काढणीत अडकलो होतो आणि इकडं सांगण्यासारखं काही घडेपर्यंत यायचं नाही असं ठरवलं होतं.

सुरू केलं. रविवारी दुपारी चारला, शाळेच्या ओट्यावर. खोली सोडली, ताईंचं ऐकून. अंगणवाडीताई आणि मी, दोघं. पहिल्यांदा २३ आली, दुसऱ्यांदा ११ (खडूसराव, तुम्ही आठवलात), तिसऱ्यांदा १४, त्यात नऊ मुली. वडापाव ठेवला नव्हता.

हजेरीची आयडिया आयोवाकरांची ढापली. पहिला प्रश्न ठेवला, आज सकाळी घरी कुणाशी भांडलात. एकेकाची उत्तरं ऐकून गावाची निम्मी भाऊबंदकी कळली, तो प्रश्न परत ठेवणार नाही.

वर्गणी पाच रुपये महिना. खजिनदार सहावीतली पोरगी. वहीला उधारीचा रकाना आहे, पहिल्याच दिवशी आखला. त्यात आत्ताच तीन नावं आहेत आणि एक माझं आहे, सुट्टे नव्हते.

दुसऱ्या बैठकीला गावातल्या मोटार दुरुस्तीवाल्याला बोलावलं, पाठीवरचा फवारणी पंप खोलून दाखवायला. तो म्हणाला मला बोलता येत नाही. मी म्हटलं बोलू नका, खोला. पोरांनी सगळे भाग पोत्यावर ओळीनं मांडले, परत जोडताना एक वॉशर उरला. पंप गळायला लागला. तो नुसता हसला आणि म्हणाला "परत." तीन वेळा खोलला. चौथ्या वेळी नोजलमधनं तुषार उडाले तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की शेजारची म्हातारी साप निघाला म्हणून काठी घेऊन आली.

आणि हायड्रोमार्करवाली पोरगी, ती आता साताऱ्यात नोकरी करते, सुट्टीला आली होती. तिला न सांगता पोरं तिच्या घरी गेली आणि बोलावून आणलं. तिनं सगळ्यांना डोंगरावर नेऊन २०१८ चे चर दाखवले, कुठला किती भरलाय ते काठीनं मोजायला लावलं. तात्यांचा चर सगळ्यात कमी भरलेला निघाला. तात्या तेव्हापासून गावभर सांगतायत.

मंडळातल्या पोरांची कुरकूर आहे. खोली असताना ओट्यावर कशाला, आम्ही काय वाईट आहे का. त्यातला एक जण मात्र हळूच येऊन बसतो मागं, काही बोलत नाही.

तिसऱ्या बैठकीचं इतिवृत्त, आठवीतल्या सेक्रेटरीच्या अक्षरात आहे तसं टाइप करतोय:

"ठराव क्र. १: पुढच्या वेळी सातबारा कसा वाचायचा ते शिकणे. मंजूर.
ठराव क्र. २: भेंडी हे उत्तर दोनदा चालणार नाही. मंजूर.
ठराव क्र. ३: बैठक चालू असताना मोठ्या माणसांनी मधे बोलू नये. सूचक व अनुमोदक दोघेही हजर होते. एकमताने मंजूर. दादांनी हात वर केला नाही पण त्यांना मत नाही."

विकास_सोसायटी
"सूचक व अनुमोदक दोघेही हजर होते". हे वाक्य आमच्या संचालक मंडळाला फ्रेम करून देतो.

चहाबाज
पाच रुपये! उत्तर मिळालं. धन्यवाद.

पाटलांची_सून
नऊ मुली! भाऊ, सातबाऱ्याच्या दिवशी एक करा, प्रत्येकीला घरचा उतारा आणायला सांगा आणि त्यावर आईचं नाव आहे का ते बघायला लावा.

कोरडवाहू
ताई, हा धागा घरी भडकणार. पण करतो.

खडूस_खानदेशी
चौदा हा आकडा मला पोळ्याच्या वेळी परत सांगा. तोपर्यंत मी माझं मत राखून ठेवतोय. मंडळाच्या खोलीची चावी कुणाकडं आहे?

कोरडवाहू
मंडळाकडंच. पण कॅरम आता ओट्यावर येतो, रविवारपुरता. सोंगट्या मोजून घेतात आणि मोजून देतात, चौदाच्या चौदा. बाकीच्या पाच कुठं गेल्या हा ठराव क्र. ४ आहे, पुढच्या रविवारी.